गेला

तब्रीझमध्ये त्या हिवाळ्यात
रांगेत डबे उभे राहायचे, माणसं नाही.
रॉकेलचे डबे, कानांतून ओवलेली एकच दोरी.
आमचा सत्तेचाळिसावा,
ओळखू यावा म्हणून मुठीला लाल लोकर बांधलेला.
मी तासातासाला जाऊन बघून यायचे
किती पुढे सरकला, बर्फात किती रुतला.

बाबा रफूगार.
फाटक्या गालिच्यांतली गेलेली फुलं परत आणायचे.
चाळीस वर्षं लोकर नाकातोंडाने आत जात राहिली
आणि आता छातीत कोणीतरी माग लावला होता,
रात्रभर खटखट.
खोली उबदार ठेवा, डॉक्टर म्हणाले,
आणि खाली बघत बॅग बंद केली.
त्यांच्याही घरी रॉकेल नव्हतं.

आठला वीज जायची.
वीजकामगारांचा संप, बरोबर बातम्यांच्या वेळी.
हातम म्हणायचा, ऐक, शहर बोलतंय.
आई म्हणायची, कंदील धर, मला बाटलीवरची रेघ दिसत नाही.
चमच्यात सिरप, सिरपात थरथर,
आणि गच्च्यागच्च्यांवरून देवाचं नाव,
इतक्या मोठ्याने
की बाबा उशीतून विचारायचे,
कोणाकडे आग लागलीय का?

पेनिसिलिन वारतानने दिलं, कोपऱ्यावरच्या आर्मेनियन औषधवाल्याने,
मागच्या दाराने, सगळं बंद असताना.
पैसे घेतले नाहीत. कोट दिला बाही उसवलेला,
म्हणाला, बरे झाले की शिवून द्या म्हणावं.
कोट अजून आमच्याकडे आहे.

हातम घरात असून नसायचा.
बुटांना जळक्या टायरचा वास.
आई त्याची वाटी झाकून ठेवायची
आणि बाबांना सांगायची, झोपलाय.
बाबांनी जन्मभर भोकांच्या कडा चाचपल्या होत्या,
घरात कुठे काय उणं आहे
ते डोळे मिटूनही कळायचं त्यांना.
बरं, म्हणायचे. झोपू दे.

मग ती दुपार.
कोर्सीच्या ठेंगण्या मेजाखाली मूठभर निखारे,
वर चौघांना पुरेल अशी गोधडी आणि एकच माणूस.
बिल्गेइस खाला भांडं रिकामं करायला गेलेली.
रस्त्यावर आधी एक हॉर्न, मग सगळेच,
भर उजेडात पेटलेले गाड्यांचे दिवे,
आणि जिन्यावरून हातमचा आवाज:
गेला! गेला! अगं आई, गेला!

आई स्वयंपाकघरातून धावली
ती खिडकीकडे नाही.
ओला तळहात बाबांच्या नाकाखाली धरला.
किती वेळ, माहीत नाही.
तेवढ्यात खालच्या गल्लीत कोणीतरी
मिठाईचं अख्खं ताट फिरवून संपवलं.

तळव्यावर वाफ आली.
बाबांनी डोळे उघडले.
कोण गेला?
राजा, हातम म्हणाला.
बाबा हसले. हसण्याचा खोकला झाला, खोकल्याचं रक्त.
आईने हातमच्या थोबाडीत ठेवून दिली,
आणि त्याच हाताने
त्याच्या केसांतला बर्फ झाडला.

वर्तमानपत्र आणलं होतं त्याने.
शब्द दोनच. एवढी मोठी अक्षरं मी तोवर पाहिली नव्हती.
रबरी चादर फाटलेली.
आईने वाचलं, घडी उलगडली,
आणि भांड्याखाली अंथरलं.

लोकांनी ते पान चौकटीत लावलं.
आमचं ट्रंकेत आहे, वारतानच्या कोटाखाली,
मथळ्यावर गोल पिवळा डाग.

नवरोजला नऊ दिवस होते.
मी रांगेतून डबा आणला, त्या वर्षी पहिल्यांदाच काठोकाठ.
जिन्यात हातम बसलेला.
तोच शब्द होता, त्याला म्हणता येईना.
नुसते ओठ हलले.
मी डबा खाली ठेवला.
जड होता.